शरणपत्र लिहिणारा हात

युक्रेनमधल्या आजच्या द्नीप्रो शहराच्या खाली द्नीपर नदीला खडकांनी अडवलं होतं. तिथे एकामागून एक खळाळ होते, आणि त्यांतून होडी काढणं जिवावरचं काम होतं. या खळाळांपलीकडे कोसॅक मोकळे होते. जमीनदारांना कंटाळून पळालेली कुळं त्यांना जाऊन मिळत, आणि त्यांच्या होड्या काळ्या समुद्रातून तुर्की किनाऱ्यांवर छापे घालत. सुलतानाशी तह टिकवायची धडपड करणाऱ्या पोलंडच्या राजाला हे परवडेना. म्हणून १६३५ साली पहिल्याच खळाळाशी कोदाकचा किल्ला उभा राहिला. त्याच वर्षी इव्हान सुलिमाच्या कोसॅकांनी तो उद्ध्वस्त केला. सुलिमाला पकडून वॉर्सात ठार मारलं गेलं.

दोनच वर्षांत पाव्ल्यूकच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. १६ डिसेंबर १६३७ रोजी कुमेयकी गावाजवळ त्याची गाठ मिकोवाय पोटोत्स्कीच्या पोलिश फौजेशी पडली. कोसॅकांची इथली व्यूहरचना मला विलक्षण वाटते. साध्या मालवाहू गाड्या रांगांनी लावून एकमेकींना साखळ्यांनी जखडायच्या आणि बंदुकवाले, तोफा, जनावरं मधोमध घ्यायची. असा हा गाड्यांचा कोट, म्हणजे त्यांचा ‘ताबोर’, लढता लढता पुढे सरके! उघड्या माळावर घोडदळाची खरी दहशत. पण शंभर कोसॅक ताबोरात असले की हजार पोलिश स्वारांना भीत नाहीत, असं बोप्लाँ या फ्रेंच अभियंत्यानं लिहून ठेवलंय. कोदाक बांधणारा तो हाच.

कुमेयकीतही घोडदळ पुन्हा पुन्हा धडकून मागे फिरलं. मग दारूच्या गाड्यांनी पेट घेतला, रांगांना खिंडार पडलं आणि स्वार आत घुसले. हे आपल्याला कळतं ते प्रामुख्यानं शिमोन ओकोल्स्की या धर्मगुरूच्या रोजनिशीतून. तो पोटोत्स्कीच्या फौजेसोबत होता. म्हणजे आपण पाहतो ते जिंकणाऱ्यांच्या छावणीतून, हे विसरता कामा नये.

उरलेल्यांना बोरोवित्सियात वेढा पडला. पाव्ल्यूकचा जीव वाचवण्यासाठी रदबदली करीन, असा शब्द आदाम किसिएल या ऑर्थोडॉक्स सरदारानं दिला. त्यावर विसंबून कोसॅकांनी आपला नेता हवाली केला. किसिएलनं वॉर्सात शब्द टाकलाही, पण पाव्ल्यूकचा शिरच्छेद झालाच. आणि शरणागतीचा कागद? त्यावर सगळ्या कोसॅक फौजेच्या वतीनं सही होती फौजेच्या चिटणिसाची: बोहदान ख्मेल्नित्स्की.

१६३८ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तोही मोडला. नव्या कायद्यानं फक्त ६००० कोसॅकांची नावं सरकारी यादीत राहिली. बाकीच्यांना कुळं ठरवलं. म्होरके निवडायचा हक्क गेला आणि वर पोलिश कमिशनर बसला. ख्मेल्नित्स्की चिटणिसाचा साधा शतपती झाला. कोदाक पुन्हा बांधला गेला. पुढची दहा वर्षं शांततेत गेली. पोलिश इतिहासात त्यांना ‘सुवर्णशांती’ म्हणतात. पण यादीबाहेर फेकलेले हजारो लोक कुठे गेले नव्हते. त्याच गावांत, त्याच जमीनदारांच्या शेतांत ते राबत होते.

१६४८ मध्ये पुन्हा उठाव झाला, या वेळी ख्मेल्नित्स्कीच्याच नेतृत्वाखाली. मे महिन्यात कोर्सुनजवळ पोटोत्स्की माघार घेत होता, आणि आता ताबोर त्याचा होता! ख्मेल्नित्स्कीनं वाट आधीच खणून ठेवली होती. गाड्या उलटल्या, रांगा विस्कटल्या. कुमेयकीचा विजेता कैद झाला आणि ख्मेल्नित्स्कीनं त्याला आपल्या तातार मित्रांच्या ताब्यात दिलं. ते त्याला क्रिमियात घेऊन गेले.