डॉक्टर कार्टर यांची चित्रे आणि शेतकऱ्याचा पाय

घोड आणि भीमेच्या काठच्या आपल्या शिरूर-दौंड भागात पायात काटा मोडला नाही असा शेतकरी सापडणे कठीण. बाभळीचा काटा सुईनं काढायचा, वर हळद दाबायची अन् पुन्हा दारं धरायला जायचं, ही आपली रीत. त्या काट्याच्या घावाकडे दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने निराळ्या नजरेने पाहिले आणि जे पाहिले ते स्वतःच्या हाताने रेखाटून ठेवले. त्यांची माहिती सभासदांना व्हावी, असे आम्हांस वाटते.

त्यांचे नाव डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. जन्म इंग्लंडात, सन १८३१. वडील चित्रकार, त्यामुळे हात घरातच तयार झालेला. पुढे लंडनला वैद्यकी शिकताना डॉ. हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. सन १८५८ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथात ३६३ चित्रे होती. हाड असो वा शीर, तिचे नाव त्यांनी त्या भागावरच लिहिले. विद्यार्थ्याला नाव शोधत फिरावे लागले नाही. 'ग्रेज अनॅटमी' या नावाने त्या ग्रंथाच्या आवृत्त्या अजून निघतात. परंतु मोबदल्याचा हिशेब ऐका! ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड, तर कार्टर यांना एकदाच काय ते १५० पौंड. मुखपृष्ठावरचे त्यांचे नावही ग्रे यांनी लहान करावयास लावले.

ग्रंथ बाहेर पडला तेव्हा कार्टर मुंबईस येऊन पोचले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवू लागले. जे. जे. रुग्णालयात त्यांच्यापुढे अनवाणी कष्ट करणाऱ्यांचे पाय आले. पाय सुजून बेढब झालेला, जागोजाग भोके पडलेली, त्यांतून पू आणि खसखशीएवढे काळे किंवा फिकट दाणे बाहेर येत. मद्रास इलाख्यातील मदुरेस हा रोग आधी नोंदला गेला, म्हणून त्याला 'मदुरा पाय' म्हणत. कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि सन १८६० मध्ये लिहिले की, ही बुरशीची बाधा आहे. 'मायसेटोमा' हे नाव त्यांचेच.

सन १८६३ ते १८७२ ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. सातारा म्हणजे नीरा ओलांडली की आलेच! कुष्ठरोगाचाही अभ्यास त्यांनी जारी ठेवला. सन १८७४ मध्ये मायसेटोमावरील त्यांचा ग्रंथ निघाला, त्यात रंगीत चित्रे आहेत. कापलेल्या पायाच्या आत हाड कसे पोखरले गेले, दाण्यांची घरे कोठवर गेली, हे त्यांत उघड दिसते. रंगीत छायाचित्र त्या काळी हाताशी नव्हते. डॉक्टरचा डोळा आणि कुंचला हेच साधन.

पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधली उपाशी माणसे मुंबईस गेली आणि तेथे उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. त्या रोग्यांच्या रक्तातील मळसूत्रासारखे जंतूही कार्टर यांनी पाहिले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८८२ चा. सन १८९७ मध्ये ते इंग्लंडात वारले.

ही नुसती जुनी गोष्ट आहे काय? नाही. मायसेटोमा आजही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला. काही जातींत बुरशी असते, तर काहींत जिवाणू, हे आता ठाऊक आहे. जिवाणूंवर काही महिने औषधे घेतल्यास गुण येतो. बुरशीच्या प्रकारात औषधाबरोबर शस्त्रक्रियाही लागते. वेळ गेली तर पाय जातो.

आणि खरी फसगत अशी, की सुरुवातीला दुखतच नाही. काटा लागून महिने, कधी वर्षे उलटतात, मग एक टणक गाठ दिसते. माणूस म्हणतो, "कुरूप असंल, जाईल आपोआप." तोवर आत रोग हाडापर्यंत पोचतो. याकरिता आमचे सांगणे एवढेच :

ऊसतोड असो, पाचट पसरणे असो वा रात्रीचे पाणी, पायांत बूट किंवा जाड वहाणा असाव्यात. तोडणी कामगारांनाही हे सांगावे. काटा लागल्यास जखम साबणाने स्वच्छ धुवावी. न दुखणारी गाठ वाढू लागली, भोक पडले किंवा दाणे दिसले, तर घरी चिरा देऊ नये, लेप लावून दिवस काढू नयेत. सरळ डॉक्टरकडे जावे आणि काटा कधी लागला होता तेही सांगावे.

कार्टर यांच्या चित्रांत पाय आहेत, पण त्या पायांच्या धन्यांची चेहरेपट्टी नाही. ते आपल्यासारखेच रानात राबणारे होते. त्यांचे पाय वाचले नाहीत. आपले वाचू शकतात. उसाचा डोळा आपण निरखून पाहतो, तसा आठवड्यातून एकदा आपला तळपायही पाहावा.