स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : लसीकाग्रंथी किती काढाव्यात?

प्रस्तावना :
तासगाव परिसरातील कर्करुग्ण उपचारांसाठी सांगली-मिरजेस किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "सगळ्या गाठी काढल्या ना?" मराठीत 'गाठ' हा शब्द मूळ अर्बुदासाठी वापरतात, तसाच लसीकाग्रंथींसाठीही. अर्बुद संपूर्ण निघणे आवश्यकच आहे. लसीकाग्रंथींबाबत मात्र 'जितक्या अधिक तितके चांगले' हे खरे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
लसीकाग्रंथी म्हणजे शरीरातील लसीका हा द्रव गाळणाऱ्या लहान ग्रंथी. अर्बुदातून सुटलेल्या पेशी या द्रवाबरोबर वाहत जाऊन त्यांत अडकतात. कर्करोग स्वादुपिंडाच्या शीर्षभागी असल्यास तो भाग, आद्यांत्र आणि पित्तनलिकेचा काही भाग एकत्र काढतात. अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये वर्णिलेली ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात लगतच्या ग्रंथीही काढल्या जातात. त्यापलीकडे जाऊन महाधमनीभोवतीच्या ग्रंथी व आतड्याच्या मुख्य धमनीलगतचे मज्जातंतू काढणे, यास 'विस्तारित' शस्त्रक्रिया म्हणतात.

विवेचन :
१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्टनर यांनी व्यापक छेदनाचा पुरस्कार केला. पुढे जपानमधील अनुभवांनी ही आशा वाढविली. तथापि तुलनात्मक चाचण्यांत ती टिकली नाही. १९९८ च्या इटलीतील ८१ रुग्णांच्या चाचणीत एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. केवळ ग्रंथी बाधित असलेल्या उपगटात लाभाचा भास झाला. २००२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील सुमारे ३०० रुग्णांच्या चाचणीत आयुर्मान वाढले नाही. गुंतागुंत मात्र २९ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. जपान (२०१२) व कोरिया (२०१४) येथील चाचण्यांतही विस्तारित शस्त्रक्रियेने आयुर्मान वाढले नाही.

यामागील कारण समजून घेतले पाहिजे. दूरच्या ग्रंथी बाधित होईपर्यंत रोगपेशी बहुधा रक्तावाटे यकृतादी अवयवांत पोहोचलेल्या असतात. त्यामुळे बाधित ग्रंथी हे रोगप्रसाराचे उगमस्थान नसून त्याची खूण ठरते. उलट मज्जातंतू काढल्याने तीव्र अतिसार जडतो. अशक्त रुग्णास पुढील रसायनोपचार झेपत नाहीत, आणि खरा लाभ तर तेथेच आहे. फ्रान्स व कॅनडातील २०१८ च्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर बहुऔषधी उपचार घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ५४.४ महिने होते, तर एकाच औषधावर असणाऱ्यांचे ३५ महिने.

२०१४ मध्ये स्वादुपिंड शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने प्रमाणित व्याप्ती निश्चित केली व विस्तारित छेदनाची शिफारस केली नाही. या निवेदनाच्या लेखकांत टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. शैलेश श्रीखंडे यांचा समावेश आहे.

निष्कर्ष :
ग्रंथी मोजक्याच काढाव्यात, असा याचा अर्थ नव्हे. रोगाची अवस्था ठरविण्यासाठी किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा सध्याचा संकेत आहे. एक ते तीन ग्रंथी बाधित असणे आणि चार किंवा अधिक असणे, या भिन्न अवस्था होत. म्हणून नातेवाइकांनी विचारावयाचे प्रश्न असे : अर्बुदाच्या कडा रोगमुक्त आहेत काय? किती ग्रंथी तपासल्या व त्यांपैकी किती बाधित निघाल्या? रसायनोपचार केव्हा सुरू होणार? 'सगळ्या गाठी काढल्या ना?' या प्रश्नापेक्षा या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या अधिक हिताची आहेत.