कोतवालाची भट्टी आणि रोचा तंबू

लेखमाला ‘पाठीवरचं घर’ : भाग सहावा

नोव्हेंबर १६१५. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून बुऱ्हाणपुरात पोहोचला. त्याला जायचं होतं अजमेरला, जहांगीर बादशहाच्या भेटीला. वाटेत हे दख्खनच्या मोहिमेचं ठाणं, आणि इथे शहजादा परवेझ मुक्कामाला. कोतवालाने पाहुण्याला सरायीत नेलं आणि चार खोल्या दाखवल्या. खोल्या कसल्या, भिंतीला लागून बांधलेल्या विटांच्या भट्ट्याच! वरून गोल आणि आकारानेही तेवढ्याच. रोने आपल्या रोजनिशीत हा अपमान नोंदवून ठेवलाय. पण त्याच्या सामानात स्वतःचे तंबू होते. असल्या पाहुणचारापेक्षा मी शहरच सोडून जातो, असा निरोप त्याने कोतवालाला धाडला. आता सकाळपर्यंत धीर धरा, अशी विनवणी करायची पाळी कोतवालावर आली.

गेल्या आठवड्यात आपण मुक्कामाची जागा कशी हेरायची ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक पुन्हापुन्हा होता : दोन-तीन हजारांचा तंबू घ्यावा, की पंचवीस हजारांचा? दुकानात हा प्रश्न विचारला तर उत्तर विक्रेत्याच्या सोयीचं मिळतं. म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःलाच विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मध्यरात्री तंबूने दगा दिला, तर दुसरं छप्पर किती लांब आहे? रोच्या हाताशी दोन छपरं होती, सराय आणि तंबू, म्हणून त्याचा आवाज चढू शकला. आपलं दुसरं छप्पर शंभर पावलांवर असेल तर स्वस्त तंबू पुरतो. ते सहा तासांच्या चालीवर असेल तर मात्र कंजूषी अंगाशी येते.

दुसरा प्रश्न, तंबू वाहणार कोण? अकबराच्या छावणीचा तपशील ‘आईन-ए-अकबरी’त आहे. एका मुक्कामाचा सरंजाम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू उभारायला हजार फर्राश. त्यातला ‘बारगाह’ हा मोठा मंडप उभा करायला हजार फर्राशांना आठवडा लागे, आणि जर-मखमलीशिवायच्या साध्या बारगाहची किंमतही १०,००० रुपयांच्या पुढे जाई. त्याच यादीत ‘चोबीन रावटी’ नावाचा एक प्रकार येतो. आपल्या राहुटीची ही बहीणच. बादशहाला वजनाची फिकीर नव्हती, कारण ओझं उंटाच्या पाठीवर होतं. आजही बुऱ्हाणपूरच्या शेजारच्या मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरीला निघते, तेव्हा दिंड्यांच्या राहुट्या ट्रकमधून पुढे जातात. जाड कापड, लोखंडी खांब, हातभर मेखा, आणि तरीही कुणाच्या खांद्याला रग लागत नाही.

म्हणून सामान चारचाकीत घालून शेतावर किंवा धरणाच्या काठी जाणार असाल, तर सहा-सात किलोंचा ऐसपैस तंबू खुशाल घ्या. तोच तंबू हरिश्चंद्रगडाच्या चढावर पाठीवर घेतलात की तिसऱ्या वळणावर त्याला शिव्या द्याल. महाग तंबूचे निम्मे पैसे आपण मजबुतीसाठी नव्हे, कमी वजनात मिळणाऱ्या मजबुतीसाठी मोजतो. वजन दुसरं कुणी वाहणार असेल तर ते पैसे फुकट जातात.

आता कापडाकडे वळू. तंबूच्या चिठ्ठीवर ‘१९०टी’, ‘७५डी’, ‘२००० मिमी’ असे आकडे असतात. ते वाचायला बुऱ्हाणपूरसारखं दुसरं गाव नाही, कारण इथल्या यंत्रमागांवर बसणाऱ्या माणसाला सुताची जाडी बोटांनी कळते. कापसाच्या सुताला ‘काउंट’ लावतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट. म्हणजे आकडा चढला की सूत बारीक. ‘डेनियर’चं गणित उलटं. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे आकडा चढला की धागा जाड. ‘टी’ म्हणजे एका चौरस इंचातल्या ताण्याबाण्याच्या धाग्यांची बेरीज. स्वस्त तंबूत जाड धाग्याचं पॉलिएस्टर असतं, महागड्यात अनेकदा बारीक धाग्याचं नायलॉन. म्हणून हाताला स्वस्त कापड दणकट लागतं आणि महाग कापड ओढणीसारखं. गंमत अशी की बारीक कापडाला दोन्ही अंगांनी सिलिकॉन पाजलेलं असेल, तर ते फाटण्याला जास्त दाद देत नाही.

‘मिमी’चा आकडा पाण्याचा. कापडावर उभी नळी धरून तीत पाणी भरत गेलं, तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत ते पाझरत नाही, त्याचं हे माप. वरच्या आच्छादनाला १५०० ते २००० पुष्कळ झाले. तळाला जास्त हवे, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा त्या वीतभर जागेवर पावसाहून कितीतरी जास्त दाब पडतो. ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याला मी माझ्या जुन्या स्वस्त तंबूचं कापड दाखवलं होतं. त्याने ते उजेडात धरलं, चिमटीत ताणून पाहिलं आणि म्हणाला, “कापड चांगलं आहे भाऊ, शिवण बघा.” सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड येत होता. चांगल्या तंबूत शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. नसेल, तर आकडा तीन हजारांचा असला तरी पाणी सुईच्या वाटेने आत येतं. पट्टी नाहीच, तर शिवणीवर लावायचं द्रव सील मिळतं. एका दुपारचं काम आहे.

त्याच तंबूत पौषातली एक रात्र मी तापीच्या खोऱ्यात, केळीच्या बागेशेजारी काढली. पहाटे तोंडावर थेंब पडला. तंबू गळतो म्हणून चरफडत बाहेर आलो, तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं! पाणी माझंच होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासावाटे पेला-दोन पेले पाणी सहज बाहेर टाकतात. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली ऊब आभाळाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मग आतला दमटपणा त्यावर दवासारखा जमतो. एकपदरी तंबूत ते दव थेट अंगावर येतं. दुपदरी तंबूत आत जाळी आणि बाहेर आच्छादन असतं, मधे चार बोटं हवा खेळते. दव जमतं ते बाहेरच्या पदरावर, आणि ओघळून जमिनीत जातं. स्वस्तातल्या स्वस्त तंबूपेक्षा थोडे जास्त पैसे कशासाठी मोजायचे असतील, तर पहिले या दुसऱ्या पदरासाठी.

मोगलांच्या सुती तंबूंना ही अडचण तितकी नसे. सुती कापड श्वास घेतं, आणि भिजलं की धागे फुगून मधल्या फटी बुजतात. फक्त आतून हात लावायचा नाही, नाहीतर तिथूनच धार लागते. मात्र भिजलेला सुती तंबू मणाने जड होतो, आणि न वाळवता गुंडाळला तर बुरशीने काळा पडतो.

उरला वारा. स्वस्त तंबूच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात. जोराच्या झोताने त्या चिरतात आणि त्यांच्या कुसळांनी आच्छादन फाटतं. ॲल्युमिनियमची काठी वाकते, पण सकाळी तिला सरळ करता येतं. कोकणकड्याजवळच्या वाऱ्यात किंवा हिमालयातल्या बर्फात हा फरक जिवाचा ठरू शकतो. तिथे महाग तंबूच हवा. मात्र हिमालयात वर्षा-दोन वर्षांतून एकदाच जाणार असाल, तर तो भाड्याने घ्या. ट्रेक नेणाऱ्या बहुतेक संस्था तंबू स्वतःच देतात.

आता बुऱ्हाणपूरच्या ऋतूंना हे लावून पाहू. दिवाळी ते होळी हा मुक्कामाचा काळ. कोरडी थंडी, वारा बेताचा, गाव जवळ. या दिवसांत साधा दुपदरी तंबू भरपूर झाला. असीरगडावर मात्र रात्र काढायचा बेत नको. तो संरक्षित किल्ला आहे, दिवसा पाहून खाली उतरायचं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा कितीही किमतीचा तंबू रोच्या त्या भट्टीसारखाच होतो. आच्छादन घरी ठेवा, नुसती जाळी लावा, नाहीतर सरळ मच्छरदाणीखाली बाज टाका. पावसाळ्यात तापीच्या वाळूवर कधीच नको. नदीचा उगम बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. तिकडच्या डोंगरांत झालेल्या पावसाचं पाणी इथलं आभाळ कोरडं असतानाही चढू शकतं. पात्रात ठोकल्यावर कुठलाच तंबू स्वस्त-महाग उरत नाही. सगळे सारखेच वाहून जातात.

आणि तंबूत झोपायची हौस असेल पण तो ठोकायची नसेल, तर शेजारच्या खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागरच्या काठी हनुवंतियाला जलमहोत्सवात तंबूंचं अख्खं गाव वसतं. पलंग, पंखा, न्हाणीघर सगळं आयतं. हीसुद्धा बादशाही रीतच : फर्राश दुसरे, झोपणारे आपण.

तंबू कितीचाही असो, तो वाळवूनच ठेवायचा. दमट कपाटात कोंबला तर आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात. दिवसभर उन्हात ताणून ठेवला तर धागा कुजतो, आणि नायलॉनचा पॉलिएस्टरच्या आधी.

शेवटची एक गोष्ट, आणि हिला पैसे पडत नाहीत. नवा तंबू घेतलात की पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढा. तणावे ओढून बांधा, नळीने अर्धा तास पाणी मारा, आत शिरून शिवणींवरून बोट फिरवा, आणि तिथेच झोपा. पहाटे भिजलात तरी बिघडत नाही. दुसरं छप्पर दहा पायऱ्या खाली आहे.

(पुढच्या आठवड्यात : स्टोव्ह, सरपण आणि मुक्कामाची चूल)