स्त्री-संगीतकार : गळ्याकडून रचनेकडे



मराठी स्त्रीगीतांचा अभ्यास करताना आपण शब्दांकडे लक्ष देतो आणि चाल सहसा गृहीत धरतो. या घटकात आपण चाल बांधणाऱ्या स्त्रियांचा, म्हणजेच स्त्री-संगीतकारांचा विचार करणार आहोत.

१. प्रास्ताविक

दारव्हा तालुक्यातील एखाद्या गावी भुलाबाईचे दिवस आठवून पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुली घरोघरी जमतात, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखतात. ही गाणी कोणी रचली, चाल कोणी लावली, असे विचारल्यास 'आजीकडून आली' एवढेच उत्तर मिळते. सासर-माहेर, नणंद-भावजय हे गाण्यांतील विषय पाहिले, की रचनाकार स्त्रियाच असाव्यात असे मानण्यास जागा आहे. तरीही त्यांपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नसते.

जात्यावरच्या ओवीचेही तसेच झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करवून घेतल्या. या कामाचे एक वैशिष्ट्य तुम्ही लक्षात ठेवावे : ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदवण्याची पद्धत तेथे पाळली गेली. 'लोकांचे' म्हणून जे निनावी ठेवले जात होते, त्याला या नोंदीमुळे माणसाचा पत्ता मिळाला.

२. गायिका आणि संगीतकार

गायिका रचना सादर करते, तर संगीतकार ती घडवते. कोणता स्वर कोठे थांबावा, शब्द कोणत्या मात्रेवर यावा, कोणते वाद्य वाजावे आणि कोठे शांतता असावी, हे निर्णय संगीतकाराचे असतात. स्त्रीच्या गळ्याला आपल्या समाजाने दाद दिली; हे निर्णय घेण्याचा तिचा अधिकार मात्र उशिरा मान्य केला. वाद्यवृंद व ध्वनिमुद्रण ही क्षेत्रे दीर्घकाळ पुरुषांच्याच हाती राहिली, हे त्याचे एक व्यावहारिक कारण होय.

३. नाव बदलून केलेले काम

बोलपटाच्या आरंभकाळात मुंबईच्या खोर्शेद मिनोचर-होमजी या पारशी तरुणीने 'बॉम्बे टॉकीज'साठी 'जवानी की हवा' (१९३५) आणि 'अछूत कन्या' (१९३६) या चित्रपटांना संगीत दिले. पारशी मुलींनी चित्रपटात काम करण्यास समाजातून विरोध झाला. म्हणून त्यांचे नाव 'सरस्वती देवी' असे ठेवण्यात आले आणि पुढे याच नावाने त्या ओळखल्या गेल्या.

मराठीतील याहून परिचित उदाहरण 'आनंदघन' यांचे. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांचे संगीत या नावाने आले. 'साधी माणसं'ला उत्कृष्ट संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला. नाव पुकारले गेले तरी कोणी उठेना. तेव्हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे उघड करावे लागले, असे सांगितले जाते.

या दोन उदाहरणांतील भेद ध्यानात घ्यावा. सरस्वती देवींचे नाव विरोधामुळे बदलले. लताबाई त्या वेळी देशातील अग्रगण्य गायिका होत्या. त्यांनी टोपणनाव स्वतः निवडले. कारणे वेगळी असली, तरी चाल ऐकणाऱ्याला तिच्यामागची स्त्री दिसली नाही, हा परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला.

लताबाईंच्या धाकट्या भगिनी मीना खडीकर यांनी मात्र आपल्या नावानेच काम केले. 'माणसाला पंख असतात' (१९६१) या चित्रपटाचे संगीत त्यांचे आहे. मंगेश पाडगावकरांचे 'सांग सांग भोलानाथ' हे बालगीत ठाऊक नसलेले मराठी घर विरळा. त्याची चाल मीनाताईंची आहे, हे किती जणांना माहीत असते?

४. बंदिश : परंपरेत स्वतःचा शब्द

शास्त्रीय संगीतातील रचनेला बंदिश म्हणतात. पारंपरिक बंदिशींत विरहिणी, सासू-नणंदेला भिणारी सून असे स्त्रीमुखी बोल विपुल आहेत; परंतु ज्ञात बंदिशकारांत बहुतेक पुरुष आढळतात. या पार्श्वभूमीवर डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. विज्ञान व कायदा या शाखांच्या पदव्या घेतलेल्या प्रभाताई सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची गायकी शिकल्या. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, विद्यापीठात अध्यापन केले, सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. 'अपूर्व कल्याण', 'मधुरकंस' यांसारखे राग निर्माण केले. स्वतःच्या बंदिशी त्यांनी मैफलीत गायिल्या आणि पुस्तकरूपानेही प्रसिद्ध केल्या. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

छापण्याची ही कृती येथे कळीची आहे. केवळ गायिलेली रचना पुढच्या पिढीत 'पारंपरिक' होऊन जाते. छापलेल्या रचनेवर कर्त्रीचे नाव टिकते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनीही 'रागरचनांजली' या पुस्तकातून आपल्या बंदिशी अभ्यासकांपुढे ठेवल्या. याच घराण्याच्या किशोरी आमोणकर यांनी गोविंद निहलानी यांच्या 'दृष्टी' (१९९०) या चित्रपटाला संगीत दिले.

५. आजची पिढी

इंदूरच्या मराठी कुटुंबात वाढलेल्या स्नेहा खानवलकर (जन्म १९८३) यांनी 'ओये लकी! लकी ओये!' (२००८) आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर' (२०१२) या हिंदी चित्रपटांना संगीत दिले. पहिल्यासाठी त्या हरियाणात, तर दुसऱ्यासाठी बिहारपासून त्रिनिदादपर्यंत हिंडल्या आणि तेथील लोकगायकांचे आवाज घेऊन त्यांनी गाणी बांधली. रस्त्यावरचे, कारखान्यातले, घरातले आवाजही त्या संगीताची सामग्री मानतात. जात्याच्या घरघरीवर ओवी बांधणाऱ्या बाईची रीत याहून फार दूरची नाही. फरक एवढाच, की स्नेहा यांचे नाव पडद्यावर येते. कामाच्या मोबदल्याचा आणि स्वामित्वहक्काचा आधारही तेच नाव असते.

६. सारांश

स्त्रिया पूर्वीही संगीतरचना करीत होत्या; त्यांचे कर्तेपण नोंदले जात नव्हते. निनावी ओवी, बदललेले नाव, छापील बंदिश आणि पडद्यावरील श्रेय असा हा प्रवास आहे. तो पूर्ण झालेला नाही, हे तुमच्या परिसरातही दिसेल.

उपक्रम

आपल्या गावातील एका वयस्क स्त्रीकडून भुलाबाईचे गाणे किंवा ओवी ऐका. शब्द लिहून घ्या, जमल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. हे गाणे तिने कोणाकडून घेतले, त्यात स्वतः काय बदलले किंवा जोडले, हे आवर्जून विचारा. तिच्या संमतीने नोंदीच्या आरंभी तिचे नाव, गाव व तारीख लिहा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. गायिका आणि संगीतकार यांच्या कार्यातील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. 'सरस्वती देवी' आणि 'आनंदघन' या नावांमागील परिस्थितीची तुलना करा.
३. बंदिश छापल्याने रचनाकाराच्या स्थानात कोणता फरक पडतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.