आवाजाची वाट ठरवणारा सेशन मॅनेजर

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एलजीचे टीव्ही तयार होतात. कंपनीच्या स्मार्ट टीव्हींत २०१४पासून वेबओएस ही लिनक्सवर उभी असलेली प्रणाली असते. २०१८मध्ये तिची एक आवृत्ती मुक्तस्रोत झाली आणि आतलं कामकाज कुणालाही वाचता येऊ लागलं. तिथे ऑडिओडी नावाचा प्रोग्राम भेटतो. आवाज वाहून नेतो पल्सऑडिओ. पण कुठला आवाज कुठे जाईल, दोन एकदम आले तर कुणाला वाव द्यायचा, हे ऑडिओडी ठरवतो.

वाहणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. दौंड जंक्शनवर उभं राहिलं की हे समजतं. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामतीकडच्या लाइनी तिथे एकत्र येतात, पण रूळ आपणहून कुठल्याच गाडीला मनमाडकडे वळवत नाहीत. स्टेशन मास्तरने मार्ग लावला, की मगच सिग्नल मिळतो.

लिनक्स संगणकावर आज रुळांचं काम पाईपवायर करतो. विम टायमन्स यांनी तो आधी चित्रासाठी लिहायला घेतला, मग त्यात आवाजही आला. २०२१च्या फेडोरा ३४मध्ये आवाजाची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे गेली. पण गाणं आणि स्पीकर ही दोन टोकं पाईपवायर स्वतःहून जोडत नाही. ती जोडणी ठरवणारा प्रोग्राम म्हणजे सेशन मॅनेजर. तो नसेल तर सगळं जागच्या जागी असूनही खोलीत शांतता! हे काम बहुतेक ठिकाणी वायरप्लंबर करतो.

गाणं चालू असताना ब्लूटूथ हेडफोन लावून पाहा. नवं उपकरण आलेलं वायरप्लंबरला कळतं. तुम्ही आधी काय निवडलं होतं, उपकरणाचा अग्रक्रम काय, हे बघून तो गाण्याची जोडणी स्पीकरवरून हेडफोनकडे वळवतो आणि मागच्या वेळचा व्हॉल्यूमही लावतो. नेमकी तेव्हाच एखादी ऑनलाइन मीटिंग सुरू झाली तर खरी कसोटी लागते. ब्लूटूथच्या ज्या पद्धतीत गाणं उत्तम ऐकू येतं, तिच्यात माईक चालत नाही. म्हणून एखाद्या प्रोग्रामने माईक मागितला की वायरप्लंबर हेडफोनला बोलण्याच्या पद्धतीवर नेतो. आवाज जरा सपाट होतो, पण संभाषण होतं. माईक बंद झाला की पुन्हा पहिली पद्धत. इतका बारीक विचार पडद्याआड, एका बटणाशिवाय होतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅमेऱ्याचा मामलाही त्याच्याकडेच. वेगळ्या कप्प्यात बंदिस्त चालणाऱ्या प्रोग्रामला कॅमेरा दिसू द्यायचा की नाही, हे तुमच्या परवानगीनुसार तोच सांभाळतो.

ठरवणारा वेगळा ठेवल्याचा मोठा फायदा मोटारीत दिसतो. ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स या प्रकल्पाची गरज समोर ठेवूनच कोलाबोरा कंपनीने वायरप्लंबर बांधायला घेतला. घरच्या संगणकात दोन आवाज मिसळले तर बिघडत नाही. गाडी चालवताना ‘पुढे उजवीकडे वळा’ ही सूचना गाण्यात बुडून चालत नाही. तिथे मोटार बनवणाऱ्याला फक्त आपले नियम लिहावे लागतात: सूचना आली की गाणं हळू, संपली की पूर्ववत. खालचा पाईपवायर तोच राहतो.