निसर्गाचा नियम, माणसाचा कायदा

‘कायदा’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ पाया, आणि नियमही. १९७३ साली नुकतीच डॉक्टरेट मिळवलेले मेक्सिकोचे मारिओ मोलिना कॅलिफोर्नियात शेरवूड रोलंड यांच्याकडे संशोधनाला आले. फ्रिजमधले, फवाऱ्यांच्या डब्यांमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू शेवटी जातात कुठे, एवढाच प्रश्न. उत्तराने झोप उडावी! उंचावर अतिनील किरणांनी ते फुटतात. सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः शाबूत राहतो. १९७४ मध्ये हे छापून आले. उत्पादकांनी अर्थातच विरोध केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर जगाला कळले, तेव्हा कुठे १९८७ चा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आपले नियम आले २००० साली. आधी वर गेलेले वायू मात्र अजून कित्येक दशके तिथेच राहतील.