मिनिटाला सहा श्वास

परीक्षेचं वेळापत्रक लागलं, की छातीची धडधड वाढते. सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावचा विद्यार्थी असो की पुण्याच्या वसतिगृहातला, शरीराची तऱ्हा एकच. अ‍ॅड्रेनालिन स्रवतं, श्वास उथळ होतो, झोप उडते.

ताण हलका करणारी मोबाइल अ‍ॅप्स नेमकी श्वासापासून सुरुवात करतात. एरवी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. पडद्यावरचं फुगणारं-आकसणारं वर्तुळ तो वेग सहाच्या आसपास आणतं. उच्छ्वास लांबला की व्हेगस चेतातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात.

यातलं नवं फक्त अ‍ॅप. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. अशा अ‍ॅप्समधली दुसरी रीत, एकेक स्नायू आधी ताणून मग सैल सोडण्याची, ती अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ चं.

अ‍ॅप्सनी गुण येतो, पण बेताचाच. शिवाय खरी अडचण सातत्याची आहे. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सच्या २०१९ मधल्या पाहणीत महिन्याभरानंतर ती उघडणारे जेमतेम ३.३ टक्के उरले होते!

म्हणून अ‍ॅप परीक्षेच्या आदल्या रात्री नको, सत्राच्या सुरुवातीलाच घ्या आणि रोज पाच मिनिटं द्या. उदासी हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र अ‍ॅपवर विसंबू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.